तीन दिवस केळं नको

रावेरच्या लॅबमध्ये, पंख्याखाली,
मी लुकमान तडवीला सांगते:
तीन दिवस केळं नाही, टमाटा नाही, अक्रोड नाही.
तो हसतो. नखांत केळीचा चीक काळा पडलेला.
"अक्रोड तं म्या पाह्यलाच नही, ताई.
पन केळं? दिवसभर घडच राह्यतो खांद्यावर."
खांद्यावर राहू दे. तोंडात नको.

मग तपकिरी कॅन देते, पाच लिटरचा.
तळाशी आम्ल आहे, आत हात घालू नको.
चौथ्या सकाळची पहिली सोडून दे,
तिथून पाचव्या सकाळपर्यंतची सगळी यात.
बाजूला त्याची बायको, जैतून,
पदर दातांत धरून भिंतीकडे बघत.

गावानं त्याचं ठरवून टाकलेलं आहे.
वर्षभर असं, मध्येच तोंड लालबुंद होतं,
कापणी सोडून चार-चारदा पाटाकडे पळतो.
मुकादम म्हणतो, सकाळीच लावून येतो.
जैतूननं झोपेत त्याचं तोंड हुंगून पाहिलं.
वास आला नाही, तर तिला वाटलं
बिनवासाची पितो.

सेरोटोनिन मोडून लघवीत जे उतरतं
ते मोजायचं आहे.
लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात,
डोक्यात राहतं म्हणतात.
डोक्यात थोडंच. बहुतेक सगळं आतड्यात,
भाकरीच्या वाटेवर.
केळ्यातही असतं, पण केळ्यातलं
मेंदूच्या वेशीपाशीच अडतं,
माझा रिपोर्ट तेवढा बिघडवून जातं.

आणि ते स्वतः काहीच सांगत नाही.
चौदा तऱ्हेची दारं आहेत त्याच्यासाठी, रिसेप्टर,
ज्या दाराशी जाईल, ते दार आपापलं ऐकतं.
आमच्याकडे 'माय' म्हणतात तसं.
विंचू चावला, माय.
लेक न सांगता सासरहून आली, माय.
भाव पडला, माय व.

आतड्याचं दार ऐकतं: लोट पुढे.
त्याच्या शेजारचं: ओकून टाक.
रक्तातल्या चपट्या पेशी ऐकतात: जमा, जखम आहे इथं.
हृदयाच्या झडपेवरचं दार फार दिवस ऐकत राहिलं
तर झडप जाड होते,
पाटाच्या दारातली फळी भिजून फुगावी तशी,
मग धड मिटत नाही.
मेंदूत एक म्हणतं नीज. एक म्हणतं धीर धर.
एक काहीच म्हणत नाही,
नुसती दिव्याची वात खाली घेतं.

मीही गोळी घेते रात्री. तीन वर्षं झाली.
डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्यात कमी आहे का ते?
तसं मोजून सांगता येत नाही, म्हणाले,
गोळीनं ते परत फिरताना
उंबऱ्यावर जरा जास्त रेंगाळतं, एवढंच.
पहिले आठ दिवस नुसती मळमळ.
निरोप पोटाला आधी पोचला,
माझ्यापर्यंत यायला महिना गेला.

पाचव्या दिवशी लुकमान आला, लुनावर,
कॅन केळीच्या पानात गुंडाळलेला,
कुणी विचारू नये म्हणून.
नमुना पुण्याला गेला. आकडा आला,
असायला हवा त्याच्या आठपट.
मग जळगावला स्कॅन:
आतड्यात हरभऱ्याएवढी गाठ,
यकृतात तिची पिलं.
पिलं हा शब्द मी वापरला नाही,
लुकमाननंच वापरला, बोटानं फिल्मवर दाखवत,
"बागेत फुटतात तशी."

जैतून जिन्यात भेटली, फाइल छातीशी.
"मंग ते दारू नव्हती?"
नव्हती.
"कधीच?"
मला कधीचं माहीत नाही, म्हटलं,
पण तोंड लाल व्हायचं ते दारूनं नाही.
ती पायरीवर बसली.
"माय," म्हणाली.

खाली लुकमान लुनाला टेकून
केळं सोलत होता.
तपासणी झाली होती. आता चालतं.